विसावी जुडी

फकीह मक्कीचं नाव कुणी काढलं की यामना आधी लेखणी खाली ठेवायची, मग कागद बाजूला सरकवायची आणि मग थुंकायची. हा क्रम कधी चुकला नाही. कागदावर शिंतोडा उडता कामा नये, एवढं भान तिला रागातही असायचं. चौदा वर्षं हे चाललं होतं. आमच्या फेझ शहरात माणसं तीन वर्षांत वैर विसरतात आणि चौथ्या वर्षी एकमेकांच्या लग्नात एका ताटात जेवतात. ही बाई मात्र डूख धरून बसली होती. शेजारणी सांगून थकल्या की बाई गं, बाप गेला तो गेला, आता काय परत येणार आहे का. यामना म्हणायची, परत येणार असता तर कशाला थुंकले असते.

तिचा धंदा ग्रंथ नकलायचा. गल्लीत अशा चार-पाच बायका होत्या, घरात बसून कायद्याची पुस्तकं, प्रार्थनांच्या पोथ्या, नवऱ्या मुलीला द्यायच्या कुराणाच्या प्रती लिहून द्यायच्या. पण दुसऱ्याचं अक्षर हुबेहूब उचलण्यात यामनाचा हात धरणारी एकही नव्हती. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं पान समोर ठेवा, ही त्याच्या हातानं लिहायला लागायची. घात केला तो ह्याच गुणानं.

तिचा बाप तुहामी बोरीच्या मदरशातल्या ग्रंथांचा राखणदार होता. मदरशाच्या अंगणात बोरीचं जुनं झाड, त्यामागे एक थंड खोली आणि खोलीत चारशे ग्रंथ, सगळे वक्फचे. म्हणजे अल्लाहच्या नावानं दिलेले. विकायचे नाहीत, कुणाच्या मालकीचे नाहीत. ते कुणी बांधायचे नाहीत असाही नियम होता. दहा-दहा पानांच्या सुट्या जुड्या चामड्याच्या पाकिटात ठेवायच्या. ज्याला वाचायचं असेल त्यानं चिठ्ठी लिहून एक जुडी घरी न्यायची, ती आणून दिली की पुढची. अशा रीतीनं एका ग्रंथावर वीस-वीस विद्यार्थी जगत. तुहामीच्या कमरेची किल्ली झोपेतही सुटत नसे. एवढ्या वर्षांत त्यानं वक्फचं एक पान स्वतःच्या घरात आणलं नाही. लहानपणी यामना हट्ट करायची, बाबा, एक तरी दाखवा ना. तो म्हणायचा, बाजारातून मध आणतो, तो चाट.

त्या चारशेंत एक ग्रंथ असा होता की त्याच्यासाठी लोक मराकेशहून चालत यायचे. समुद्रापलीकडच्या अंदलुसातून जीव वाचवून आलेल्या एका वैद्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला, औषधी झाडामुळ्यांवरचा, वीस जुड्यांचा. दुसरी प्रत जगात नव्हती.

आता हा फकीह मक्की. फकीह म्हणजे धर्मकायदा सांगणारा, आणि हा तर शहरातला मोठा विद्वान. तलाक असो की वाटणी, त्याच्या हातचा फतवा घराघरांत पेटीत ठेवलेला. पुस्तकांचा भारी शौक. शौक असावा की, कोण नको म्हणतं? पण ह्याला स्वतःच्या कपाटातल्या पुस्तकापेक्षा दुसऱ्याच्या कपाटातलं जास्त गोड लागायचं. तो तुहामीकडे आला, वैद्याचा ग्रंथ वाचायचाय म्हणाला आणि पहिली जुडी घेऊन गेला. तुहामीनं त्याच्याकडे चिठ्ठी मागितली नाही. एवढ्या मोठ्या माणसाकडे चिठ्ठी मागायची म्हणजे त्याच्या दाढीला हात घालण्यासारखं. आमच्याकडे विद्वानाचा शब्द हीच चिठ्ठी, असं तुहामीच्या पिढीतली माणसं मानायची आणि मरायची.

दर महिन्या-दीड महिन्यानं मक्की एक जुडी परत आणायचा आणि पुढची न्यायचा. तुहामीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तो अंगठ्यानं पानं मोजायचा, पहिली आणि शेवटची ओळ खिडकीशी धरून लावून घ्यायचा आणि पाकिटात ठेवून द्यायचा.

त्याच सुमारास यामनाकडे महजूबा येऊ लागली. ही घरोघर फिरून बायकांना लिहायचं काम आणून देणारी दलालीण. म्हणाली, एका भाविक धनिकाला जुन्या ग्रंथाची नक्कल हवीय, पण अशी की मूळ आणि नक्कल शेजारी ठेवली तर ओळखू येऊ नये. जुना कोरा कागदही तिनंच आणला. एका वेळी एक जुडी मिळेल, ती झाली की पुढची. यामना तेव्हा एकोणीस वर्षांची. तिला कुठून कळणार? बापाच्या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. उलट तिला त्या कामाची गोडी लागली. कारण प्रत्येक जुडी दिली की महजूबा ती एका चिठ्ठीसह परत आणायची, त्यात चुका काढलेल्या असायच्या. ‘सातव्या ओळीत अक्षरावरचा नुक्ता राहिला.’ ‘शेवटचं अक्षर फार लांबवलंस, म्हातारा एवढं लांबवत नाही.’ यामना चूक दुरुस्त करायची आणि चिठ्ठी पेटीत जपून ठेवायची. असा बारकाईनं शिकवणारा गुरू तिला आयुष्यात मिळाला नव्हता. ती त्या न पाहिलेल्या माणसासाठी नमाजानंतर दुआ मागायची. दोन वर्षं मागितली.

एकोणीस जुड्या झाल्या. विसावी निम्मी लिहून झाली होती, तेव्हा वक्फचे तपासनीस मदरशात आले. त्यांच्यातल्या एकानं वैद्याच्या ग्रंथाची जुडी उन्हाला धरली आणि म्हणाला, कागद जुना आहे, पण शाई कागदात मुरलेली नाही, वर बसलीय. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. एकोणीसच्या एकोणीस खोट्या निघाल्या आणि विसावी जागेवर नव्हती. तुहामी म्हणाला, विसावी फकीह मक्कींकडे आहे, सगळ्याच त्यांनी नेल्या-आणल्या, त्यांना विचारा. तपासनिसांनी विचारलं, चिठ्ठ्या कुठायत?

शुक्रवारी मोठ्या मशिदीत फकीह मक्कीनं कुराणावर हात ठेवून शपथ घेतली की ह्या माणसाकडून मी एक पानही नेलेलं नाही. वर म्हणाला, म्हाताऱ्याला गरिबीनं गाठलं असेल, फार कडक वागू नका. केसानं गळा कापायचा आणि वर जखमेला फुंकर घालायची! म्हातारा म्हणून तुहामीला तुरुंगात टाकलं नाही. किल्ली काढून घेतली, आणि खोट्या जुड्या थैलीत सील करून त्याच खोलीत ठेवल्या.

त्या दिवशी घरी येऊन तो बायकोला सगळं सांगत होता. वीस जुड्या, शेवटच्या पानावर वैद्यानं काढलेली मुळी, माणसाच्या बोटांसारखी. यामना पीठ मळत होती. तिचे हात थांबले. पिठाच्या हातांनीच ती आत गेली, पेटी उघडली आणि मूळ जुडी आणि आपली निम्मी नक्कल बापापुढे ठेवली. तुहामीनं जुडी नाकाशी नेली आणि ओळखली. मग नक्कल डोळ्यांशी धरली.

“ही कुणी लिहिली?”

“मी, बाबा.”

“त्या एकोणीसही?”

“त्याही.”

त्यानं पान खिडकीशी नेऊन धरलं. रोज हात लावत होतो आणि मला कळलं नाही, एवढं पुटपुटला. मग म्हणाला, “हात चांगला आहे तुझा, पोरी.”

त्यानं तिला शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं तर ती रडून मोकळी झाली असती. हे एक वाक्य मात्र तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं ते रुतलंच. ती म्हणाली, मी आत्ताच काझीकडे जाते. बापानं तिला दारातून ओढून आणलं. नक्कल तुझ्या हातची, मूळ जुडी तुझ्या पेटीत. लोक म्हणतील बाप-लेक दोघांनी मिळून केलं. तुला गाढवावर बसवून गावभर फिरवतील. त्यानं तिच्याकडून वचन घेतलं, मी आणि तुझी आई जिवंत असेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आठ महिने तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि तसाच गेला. ज्यानं अर्ध्या शहराला पुस्तकं वाचायला दिली त्याच्या जनाज्याला चारच माणसं आली. पाचवं कुणी खांदा बदलायलाही नव्हतं.

महजूबा जुडी मागायला आली तेव्हा यामना म्हणाली, तपासणीवाले गल्लीत शिरले म्हणून घाबरून चुलीत घातली. महजूबानं कपाळाला हात लावला आणि निघून गेली. जाऊन कुणाला सांगितलं असेल ते यामनाला सांगायला नको होतं. वीस जुड्यांच्या ग्रंथाला विसावी नसली, शेवटी लेखकाचं नावगाव आणि साल नसलं, तर तो ग्रंथ म्हणजे मुंडकं नसलेला माणूस. मक्कीला रात्रंदिवस ते खुपत राहावं, एवढा तिनं तेव्हापुरता सूड घेतला. ती आईला पोसत राहिली, लिहीत राहिली, थुंकत राहिली.

चौदाव्या हिवाळ्यात आई गेली. चाळीस दिवस झाले. वचन संपलं होतं आणि ज्याची लाज जपायची असं घरात कुणी उरलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या दिवशी यामनानं विसावी जुडी रुमालात बांधली आणि बुश्ताकडे गेली.

बुश्ता म्हणजे पुस्तकबाजारातला पुकारा करणारा. दर शुक्रवारी नमाज सुटली की मोठ्या मशिदीजवळच्या गल्लीत ग्रंथांचा लिलाव व्हायचा. घेणारे दुकानांच्या कट्ट्यांवर बसायचे आणि बुश्ता तळहातावर ग्रंथ धरून शेवटची बोली ओरडत इकडून तिकडे जायचा. त्यानं जुडी पाहिली आणि मानाच्या बाईला म्हणतात तसं लल्ला म्हणून विचारलं, लल्ला यामना, ही आली कुठून? ती म्हणाली, तुझ्या बाजारात माल कुठून आला ते विचारत नाहीत, कितीला गेला ते विचारतात. तो हसला. हे खरंच होतं आणि ह्याच्यावरच तो बाजार चालायचा.

दिवस तिनं बघून ठेवला होता. तंजाच्या बंदरातून एक व्यापारी आलेला होता, समुद्रापलीकडच्या लोकांसाठी जुने ग्रंथ उचलणारा, पैशाला तोटा नसलेला. आणि त्या बाजाराची एक जुनी रीत तिला बापाकडून माहीत होती. फुटलेल्या ग्रंथाचा तुकडा विकायला आला आणि बाकीचा ग्रंथ कुणाकडे असला, तर त्याचा हक्क पहिला. धड ज्याचं, बोट त्याचं, असं म्हणायचे. त्यानं धड चारचौघांत आणून ठेवायचं, ते आपल्याकडे कसं आलं ते शपथेवर सांगायचं आणि शेवटच्या बोलीला तुकडा घ्यायचा. मग दुसऱ्या कुणाला बोली वाढवता येत नाही.

शुक्रवारी यामना पांढऱ्या चादरीत डोळ्यापुरती फट ठेवून भिंतीशी उभी राहिली. फकीह मक्की नेहमीच्या कट्ट्यावर जपमाळ ओढत बसला होता. बुश्तानं जुडी वर धरली, वैद्याचं नाव आणि साल वाचून दाखवलं, आणि माळ थांबली. बोली दहा रियालवरून साठवर गेली. मक्की शंभर म्हणाला. तंजाचा व्यापारी जांभई देत दीडशे म्हणाला. मक्कीकडे तेवढे नव्हते.

त्याच्या मनात काय चाललं असेल ते यामनाला दिसल्यासारखं कळत होतं. पोरीनं जाळली नव्हती तर, आता भुकेपायी विकायला काढली. बोलायला गेली तर स्वतःच फासावर चढेल, म्हणजे बोलणार नाही. म्हातारा मेला, त्या वेळचा काझी मेला, ते प्रकरण लोक कधीच विसरले. आणि जुडी आज गेली तर जहाजात बसणार, पुन्हा ह्या जन्मात दिसणार नाही. बुश्तानं दोनदा दीडशे ओरडलं.

“थांब,” मक्की म्हणाला. “धड माझ्याकडे आहे.”

हा शब्द ऐकायला ती चौदा वर्षं थांबली होती.

नोकरानं घरून लाल चामड्याचं पाकीट आणलं. एकोणीस जुड्या. वक्फची नोंद असलेलं पहिलं पान फाडून तिथं नवं लावलं होतं. एकोणिसाव्या जुडीला किड्यानं पाडलेलं भोक होतं. विसावी तिच्याखाली ठेवली तर भोक सरळ आरपार गेलं. बुश्तानं त्यातून गवताची काडी ओवून सगळ्यांना दाखवली. लोक सुभानल्लाह म्हणाले. मग मक्कीनं शपथ घेतली की हा ग्रंथ माझ्या आजोबांचा आणि आमच्या घरातून आजवर कधी बाहेर पडलेला नाही.

यामना पुढे आली. बाई लिलावात बोलत नाही, म्हणून गल्ली आपसूक गप्प झाली.

“फकीहसाहेब, कधीच बाहेर पडला नाही?”

“कोण ही?” मक्की बुश्ताला म्हणाला.

“तुमची विद्यार्थिनी,” यामना म्हणाली आणि रुमालातल्या चिठ्ठ्या एकेक करून कट्ट्यावर मांडू लागली.

तिथं बसलेल्या एका दस्तलेखकानं पहिली उचलली. सातव्या ओळीत नुक्ता राहिला. त्यानं दुसरी उचलली, मग चष्मा पुसून मक्कीकडे बघितलं. चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण ते अक्षर ओळखायला नाव कशाला हवं? प्रत्येक घरातल्या पेटीत ते होतं. मक्कीनं तुहामीला कधी एक चिठ्ठी दिली नाही, इतका तो सावध. पण नकलणाऱ्या पोरीची चूक दिसल्यावर गप्प बसवेना. विद्वानाची खोड! चूक दिसली की लेखणी उचललीच. अशा एकोणीस चिठ्ठ्या त्यानं आपल्या हातानं लिहून दिल्या होत्या.

सगळा बाजार मशिदीत काझीपुढे गेला. मदरशातून सीलबंद थैली आणली. पहिल्या जुडीच्या सातव्या ओळीत मागाहून दाबून बसवलेला नुक्ता निघाला. यामना म्हणाली, ह्या एकोणीसही माझ्या हातच्या आहेत, आणि काझीसमोर बसून वैद्याच्या अक्षरात एक ओळ लिहून दिली. आपण काय कबूल करतोय ते तिला पुरतं माहीत होतं.

मक्कीचा चेहरा मेणासारखा झाला होता. तो म्हणाला, खरं सांगतो, तुहामीनंच मला हा ग्रंथ विकला. काझी शांतपणे म्हणाला, “मग मघाशी बाजारात आजोबा कोण होते?”

लोक हसले. फकीह मक्कीला लोक हसले, ही गोष्ट आमच्या शहरात त्याआधी घडलेली नव्हती. यामना हसली नाही. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, पोट भरेपर्यंत.

ग्रंथ बोरीच्या मदरशात परत गेला. खोटी शपथ घेणारा म्हणून ह्यापुढे मक्कीची साक्ष कुठल्याही काझीपुढे चालणार नाही, असा हुकूम निघाला. आणि ज्याची साक्ष चालत नाही त्याचा फतवा कोण विचारतो? लोकांनी पेट्यांतून त्याचे कागद काढून दुसऱ्यांकडून नवे लिहून घेतले. काझीनं यामनाला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, तीन शुक्रवार बुश्तानं त्याच गल्लीत पुकारा करावा की मदरशाचा राखणदार तुहामी चोर नव्हता. बुश्तानं तो केला, आणि तीन शुक्रवारचे पैसे घेतले नाहीत.

तिला सजा झाली नाही, कारण फसवून करवून घेतलं होतं. पण काम बंद झालं. ज्या दस्तलेखकानं चिठ्ठी ओळखली त्यानंच तिला सांगितलं, लल्ला यामना, राग मानू नका, तुमचा हात फारच चांगला आहे, आता भीती वाटते. लेखणी गेली. ती अंगरख्यांच्या रेशमी गुंड्या वळायला लागली. डझनावारी गुंड्या, बोटं सोलून निघायची. कुणी हळहळलं तर म्हणायची, सौदा महाग पडला नाही.

असं तीन वर्षं. मग एका सकाळी मक्कीचा थोरला मुलगा तिच्या दारात उभा राहिला. दाढी पिकायला लागलेला, सज्जन माणूस. बापाच्या पापात त्याचा वाटा नव्हता. शेजारणीही मागोमाग आल्या, कारण तो कशाला आलाय ते गल्लीला आधीच कळलं होतं. फकीहाचे शेवटचे दिवस होते. ज्याचं ज्याचं वाईट केलं त्याची त्याची माफी मागितल्याशिवाय आमच्याकडे माणूस सुखानं डोळे मिटत नाही, आणि मरणाऱ्यानं मागितली तर नाही म्हणायची रीत नाही. कसायानं दिली, भाऊबंदांनी दिली, तंजाच्या व्यापाऱ्यानंसुद्धा निरोपानं कळवली.

यामनानं त्याला बसवलं. पुदिन्याचा चहा दिला, पाहुण्याला द्यायच्या रीतीचे तिन्ही पेले, हात न आखडता. त्याची बायकामुलं विचारली. त्यानं डोळे पुसत सांगितलं की अब्बांना झोप लागत नाही, सारखं तुमचं नाव घेतात, एक शब्द द्या म्हणजे सुटतील. शेजारणी म्हणाल्या, दे गं बाई, आता तरी दे.

तिनं हातातली गुंडी खाली ठेवली.

“माझी लेखणी गेली, त्याची माफी दिली म्हणून सांग. तेवढी माझी होती. माझ्या बापाची माफी मी कुठून देऊ? ती त्याच्याकडेच मागावी लागेल. आणि फकीहसाहेब तिकडेच निघालेत ना? समोरासमोर मागू दे.”

मुलगा पेला उपडा ठेवून उठला. शेजारणींपैकी एक म्हणाली, असं मेल्या माणसाशी वैर धरू नये. यामना म्हणाली, मेला कुठंय अजून.

गुरुवारी दुपारी मशिदीतून फकीह मक्कीच्या मरणाचा पुकारा झाला. यामनानं तो शेवटपर्यंत नीट ऐकला. मग चुलीवरचं बाकल्याच्या दाण्यांचं सार उतरवलं, वर तेल सोडलं, आणि दोन भाकरी खाल्ल्या.